चुकीचं नाक

चोर माझ्या सासूबाईंची पर्स हिसकावून पळाला, तेव्हापासून त्या गप्प झाल्या होत्या. एरवी वाऱ्याच्याही चुका काढणारी बाई! मी स्वतः पोलिसातला, पण कितीही खोदून विचारलं तरी, "काही आठवत नाही हो, जावईबापू," एवढंच.

शेवटी त्यांना आमच्या रेखाचित्रकारासमोर बसवलं. त्याने काहीही न विचारता पेन्सिल उचलली आणि बटाट्यासारखं नाक काढलं. माझं डोकंच फिरलं.

"अहो, आधी विचारा तरी!"

त्याने मला डोळ्यांनीच गप्प केलं. सासूबाई कागदावर वाकल्या.

"छे! एवढं फेंदारलेलं कुठे होतं? सरळ होतं, शेंड्याला जरा वाकलेलं."

त्याने मुकाट्याने नाक खोडलं आणि पुढे दोन्ही भुवया जोडून टाकल्या.

"अहो, मध्ये जागा सोडा! आणि डाव्या भुवईत व्रण होता. चित्रकला शिकलात तरी कुठे?"

"चुकलंच, आजी," म्हणत तो खोडत राहिला. बघता बघता कागदावर हुबेहूब चोर उभा राहिला.

निघताना तो माझ्या कानात म्हणाला, "विचारलं की माणूस घाबरतो. चूक दिसली की भीती विसरतो."

त्या चित्रावरून चोर पुढे सापडलाच. पण त्या दिवशी घरी जाताना मागच्या सीटवरून आवाज आला, "जावईबापू, गिअर नीट टाका! लायसन्स दिलं कुणी तुम्हाला?"

"चुकलंच, आई," मी म्हणालो आणि पुढचा गिअर मुद्दाम खाडकन टाकला.