गाण्याखाली गेलेला उखाणा

लेकीच्या, प्रेरणाच्या लग्नाच्या शूटिंगमध्ये नंदाबाईने नाव घेतलं होतं. एरवी जन्मभर तिने नवऱ्याला "अवो" म्हणूनच हाक मारली. "गेणू" हा शब्द तिच्या तोंडून निघाला तो त्या एका उखाण्यात. ती गेल्यावर गेणूला तेवढंच ऐकायचं होतं.

पण ऐकायचं कशावर? आधी कॅसेट होती. तिला बुरशी लागली तेव्हा लोणावळ्याच्या शूटिंगवाल्याने डीव्हीडी करून दिली आणि तिला कुलूप घातलं, म्हणजे दुसरी प्रत काढायला गिऱ्हाईक त्याच्याकडेच यावं. आता त्याच्या दुकानात चिक्की मिळते, आणि नव्या टीव्हीला डिस्क घालायला फटच नाही.

कार्ले फाट्यावरच्या मोबाइलवाल्या विक्कीने कुठूनसा जुना प्लेअर पैदा केला. कॉपी होईना, म्हणून डिस्क लावून त्याने टीव्हीसमोर मोबाइल धरला. अडखळत का होईना, ती शेवटपर्यंत चालली. पुन्हा मात्र लागली नाही. "इंटरनेटवर चढवतो, आबा. तितं ना बुरशी, ना ओरखडा," म्हणत त्याने शूटिंग चढवलं, आणि जागा नाही म्हणून मोबाइलमधलं पुसून टाकलं.

घरी येऊन गेणूने लावलं. नंदाबाई हसली, पदर तोंडाशी नेला, ओठ हलले. आवाज नाही.

तो तसाच फाट्यावर गेला.

"शूटिंगवाल्यानं वरनं पिक्चरचं गाणं घातलंय ना, आबा? ते कंपनीच्या मालकीचं. मशीननं वळखलं आन समदाच आवाज बंद केला."

"गाणं त्यांचं आसंल. मधी बोलतीय ती माजी नंदी हाय."

"मशीनला कुटं कळतंय ते?"

"मग मानसाला सांग."

"तितं मानूस न्हाई. दोनदा लिवलं मी, उत्तरबी मशीनच देतंय." विक्की जरा घुटमळला. "इंटरनेटवाल्यांची फुकटातली बासरी हाय. ती टाकू का त्याजागी?"

"तुज्या लग्नात टाक."

दिवेलागणीला गेणू धाकट्या भावाकडे गेला. भावजय शालन तांदूळ निवडत बसली होती. शूटिंगमध्ये ती नंदाबाईला खेटून उभी होती.

"शालन, हिनं नाव काय घेतलं व्हतं गं? ध्यानात हाय?"

"न्हाई कसं? मीच पाठ करून घेतलं व्हतं की." शालनने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि थेट नंदाबाईसारखा हेल काढला, "भाताच्या खाचरात पानी आलं भरून..."

गेणू पुढे सरकला.

शालन अडली. थोरल्या दिराचं नाव कसं घ्यायचं? "...आमच्या भावजींचं नाव घेते पेरनाचा हात धरून," म्हणून ती हसली.

"एकदा नीट म्हन की. ती म्हनली तसं."

"अवं, कायतरीच! मी घ्यू व्हय तुमचं नाव? बसा, च्या टाकते."

चहा घेऊन तो निघाला. खाचराच्या बांधावर कुणी नाही असं पाहून त्याने स्वतःच उखाणा म्हणून पाहिला. शब्द सगळे बरोबर आले, नावसुद्धा. पण कुणी आपलं नाव घेतलं, असं काही झालं नाही.