कंपाउंडरची मुलगी

‘तिनं पाणी बाटलीत ओतलं. पूर्णविराम,’ अण्णा म्हणाले, आणि टाइपरायटरवरची बाईंची बोटं हवेतच राहिली.

‘काय झालं?’

‘काही नाही. रिबन अडकली.’

रिबन कसली अडकतेय! अण्णा डोळे मिटून खुर्चीत बसले होते. उघडले असते तरी फरक पडला नसता. काचबिंदूनं त्यांची नजर नेली त्याला सहा वर्षं झाली होती. पण जाता जाता तिनं सगळी इस्टेट कानांच्या नावावर केली होती. टकटकीवरून ओळ कुठवर आली हे म्हातारा बसल्या जागी सांगायचा. मागच्या टायपिस्टनं एकदा अर्धं वाक्य गाळलं, तर तिला दारातून परत बोलावून भरायला लावलं होतं.

बाईंनी ‘तिनं पाणी’ टाइप केलं. मग ‘मोरीत’ टाइप केलं, कमी पडलेले ठोके जागा सोडायच्या पट्टीवर मारून भरून काढले, आणि ‘ओतलं’वर येऊन थांबल्या. अण्णांनी समाधानानं मान हलवली.

‘वाच.’

‘तिनं पाणी बाटलीत ओतलं,’ बाईंनी वाचलं. आवाजात तसूभर कंप नव्हता.

अण्णांची कादंबरी साप्ताहिकात दर शनिवारी छापून येत होती. तिच्यातला खलपुरुष दवाखान्यातला कंपाउंडर. लेकरांच्या तापाच्या औषधात निम्मं पाणी घालायचा आणि वाचलेलं औषध मागच्या दारानं विकायचा. गल्लीतली पोरं त्या पाण्यावर चार-चार दिवस तापत आणि मग थंड होत. आता कंपाउंडर तुरुंगात होता, त्याच्या जागी त्याची तरणी मुलगी त्याच औषधांच्या फळीसमोर उभी होती, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. गावभर पैजा लागल्या होत्या.

बाईंनी आदल्याच दिवशी भीत भीत विचारलं होतं, ‘एवढी शिकवलीत तिला, आणि शेवटी बापाच्याच वळणावर नेणार?’

‘खाण तशी माती, बाई. वाचकाला तेच पटतं. आडात नाही ते पोहऱ्यात आणू कुठून मी?’

‘पण मातीला कुणी विचारतं का, तुला खाण कुठली हवी म्हणून?’

अण्णा खो खो हसले. ‘वा! हे वाक्य मी चोरणार.’ चोरलंही. पुढच्याच परिच्छेदात तुरुंगातल्या कंपाउंडरच्या तोंडी घातलं. ते टाइप करताना बाईंच्या कानशिलांना मुंग्या आल्या.

कारण असा एक कंपाउंडर खरोखरच होऊन गेला होता, दूरच्या एका गावात, चाळीस वर्षांपूर्वी. त्याला पकडून नेलं तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले होते. अण्णांनी गोष्ट तिथूनच उचलली असणार. त्याची मुलगी मामाकडे वाढली, लग्नानं आडनाव बदललं, आणि नवरा पंचवीस वर्षं संसार करून वारला तरी त्याला बायकोचा बाप कोण हे कळलं नाही. आता पन्नाशी ओलांडल्यावर ती रोज सकाळी या खोलीत बसून टाइप करत होती. आपल्यासारखी एक तरी पोर, कागदावर का होईना, सुटावी, एवढंच तिला हवं होतं.

पण खोटं एकटं राहत नाही, गोतावळा घेऊन येतं. पुढच्या आठवड्यात अण्णांनी सांगितलं, ती बाटली तीन घरांत गेली. बाईंच्या कागदावर तिन्ही घरांतली पोरं अंथरुणात उठून बसली. अण्णांच्या लयीत बोटं चालवायची, स्वतःचं लिहायचं, आणि ‘वाच’ म्हटलं की अण्णांचं म्हणून दाखवायचं! बाईंची स्मरणशक्ती मुळात दगडावरची रेघ. तीन-तीन पानं त्या न अडखळता म्हणून दाखवू लागल्या.

मग वाचकांची पत्रं आली. ‘मुलीनं हात मागे घेतला, बरं वाटलं,’ असं कुणी लिहिलं, की बाई वाचत, ‘पोर बापावरच गेली, अंगावर काटा आला.’ अण्णा खूश.

‘पुढचं वाच. ते जाड पाकीट कुणाचं?’

‘एका शिक्षकाचं. तुम्हाला शिव्या घातल्यात.’

‘शुद्ध भाषेत ना?’

‘हो.’

‘मग चालेल.’

शिक्षकानं खरं तर लिहिलं होतं की वर्गात हे प्रकरण वाचून दाखवलं.

तिसऱ्या आठवड्यात बाई साप्ताहिकाला जाणाऱ्या पाकिटावर अण्णांच्या नावाची चिठ्ठी डकवत होत्या. अंगठ्यानं तिच्या चारी कडा दाबल्या, कोपऱ्यातून ओघळलेला डिंक करंगळीनं पुसला, आणि हात तसाच थांबला. बाप लेबलं अशीच चिकटवायचा. करंगळीनं पुसायचा. बाहेर एक, आत दुसरं. बाई उठल्या आणि कोपरापर्यंत हात धुऊन आल्या. पाकीट मात्र गेलं ते तसंच गेलं.

चौथ्या आठवड्यात अण्णांची सून चहा ठेवून गेली. दार लागल्याचा आवाज झाल्यावर अण्णा म्हणाले, ‘मोरीत ओतलं, नाही का?’

बाईंनी कप परत बशीत ठेवला.

‘सून वाचून दाखवते मला अंक. दर शनिवारी. चांगलं लिहितेस तू. विशेषणं जरा जास्त पडतात.’

‘मग इतके दिवस बोलला का नाहीत?’

‘मुलगी कुठवर जाते ते बघायचं होतं.’

‘कुठली मुलगी?’

‘कंपाउंडरची.’

अण्णांनी चहाचा एक घोट घेतला, फुरका मारून.

‘तुला इथं पाठवलं त्या छापखानेवाल्यानंच सांगितलं होतं. त्याला तुझ्या मामाकडून कळलेलं.’

‘म्हणून ठेवलंत मला?’

‘टाइपसुद्धा बरं करतेस,’ अण्णा म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. ‘रागावू नकोस. ती पोर मला कळतच नव्हती. वाईट करावी तर खोटी वाटायची, चांगली करावी तर त्याहून खोटी. तू मला ती तुकड्या-तुकड्यानं दाखवलीस. बापासारखं होऊ नये म्हणून रोज बापासारखं करणारी. असं मला सात जन्मांत सुचलं नसतं. घे, कागद चढव.’

बाईंना उठून जाता आलं असतं. पिशवी खुर्चीलाच अडकवलेली होती. त्यांनी कागद चढवला.

‘मागे जाऊ या. तिच्या लहानपणात,’ अण्णा सांगू लागले. ‘वाचकाला तिची दया यायला हवी. लिही. मुलीला घरातलं काही ठाऊक नव्हतं. पूर्णविराम. पोलीस दारात आले तेव्हा तिला प्रथम कळलं, स्वल्पविराम, की आपला बाप...’

यंत्र चाललं नाही.

‘नको असेल तर कठोर शब्द गाळू,’ अण्णा म्हणाले. ‘तुझ्यासाठी एवढं करीन मी.’

‘तिला ठाऊक होतं.’

अण्णांनी मान वळवली.

‘साधं पाणी घातलं की औषध गढूळ दिसायचं,’ बाई म्हणाल्या. ‘उकळून, गार करून घालावं लागायचं. शाळेतून आली की ती पातेलं चढवायची. फडक्यानं दोनदा गाळायची. बाप म्हणायचा, माझ्या लेकीच्या हातचं पाणी काचेसारखं असतं.’

अण्णांचा हात कप शोधत टेबलावरून फिरला आणि न सापडता परत मांडीवर आला.

‘केवढी होती ती?’

‘नऊ वर्षांची. सुरुवातीला.’

‘लहान होती गं. पाणी कशाला जातं, हे काय कळणार तिला.’

‘वर्गात तिच्या शेजारी बसणारी मुलगी आठ दिवस आली नाही. नवव्या दिवशी वर्गाच्या बाईंनी सगळ्यांना उभं करून दोन मिनिटं शांत राहायला सांगितलं. तेव्हा कळलं.’

‘आणि त्यानंतर?’

बाईंनी कागद दोन ओळी वर सरकवला, कड सरळ केली.

‘त्यानंतरही,’ त्या म्हणाल्या, आणि कुणी सांगायची वाट न पाहता टाइप करू लागल्या.