मीटरच्या पेटीमागचं पत्र

रेनाटो आमच्याकडे जेवायला यायला लागला तेव्हा मी आणीबाणीवर बेहद्द खूश होतो. आज हे कोणी कबूल करत नाही, मी करतो. भिलाईच्या कारखान्यात मी ट्रेनिंग विभागाचा कारकून, आणि १९७६ साली आमच्याकडे साहेबलोकसुद्धा वेळेवर येत होते. मला आणखी काय पाहिजे होतं?

रेनाटो फिलिपीन्सचा. तिकडच्या एका पोलाद कारखान्यानं त्याला वर्षभर रोलिंग मिलचं काम शिकायला पाठवलं होतं. मेसचं तिखट खाऊन त्याचं पोट बिघडलं, तेव्हा मी त्याला सेक्टर १० मधल्या आमच्या क्वार्टरवर घेऊन आलो. माझ्या बायकोनं, कलावतीनं, त्याला मऊ भात आणि वरण वाढलं. तेव्हापासून त्याचं संध्याकाळचं जेवण आमच्याकडेच. आम्हाला मूलबाळ नव्हतं. तिशीतला हा बुटका, हसरा माणूस "वहिनी, मले पापड पाह्यजे" म्हणायला शिकला आणि कलावती विरघळली. भाताआधीच दोन पापड संपवायचा.

पत्रंही तो आमच्याच पत्त्यावर मागवायचा. हॉस्टेलात टपाल टेबलावर उघडं पडलेलं असे, आणि त्याच्या घरच्या पत्रांवर कोणाची नजर पडू नये असं त्याला वाटे. कारण त्याचा धाकटा भाऊ दानी. दानी पाद्री व्हायला निघाला होता, मधेच शेतमजुरांच्या सभांना जाऊ लागला आणि शेवटी डोंगरात जाऊन लपला. त्यांच्या देशात चार वर्षांपासून लष्करी कायदा होता आणि शिपाई दानीला शोधत होते.

आम्ही इंग्रजीत बोलायचो, त्याचंही मोडकं आणि माझंही. एकदा कॅम्प-१ च्या बाजारात भिंतीवर शिस्तीचा महिमा रंगवलेला होता. त्यानं अर्थ विचारला, मी सांगितला. तो पोट धरून हसला.

"ही तर आमच्याच गावची भिंत!"

"मग वाईट काय आहे त्यात?" मी चिडून म्हणालो. "रस्ते झाडले जातात, गाड्या वेळेवर धावतात."

"आमचे रस्तेही स्वच्छ आहेत, शामसुंदर. माणसं भिऊन घरात बसली की रस्ता घाण करणार कोण?"

रविवारी तो चर्चमध्ये जायचा आणि उतरलेल्या तोंडानं परत यायचा. "गुडघे टेकले की वाटतं," तो म्हणाला, "आमचा राष्ट्राध्यक्षही आत्ता कुठंतरी गुडघे टेकून बसला असेल. माझी आई दानीसाठी मागते, दानीला शोधणारा कॅप्टनही तोच क्रूस गळ्यात घालतो. सगळे एकाच देवाला मागतात. त्यानं ऐकायचं तरी कोणाचं?" मी त्याला परीक्षेचा अभ्यास करायला सांगितलं.

ट्रेनिंगची ती शेवटची परीक्षा एकोणीस नोव्हेंबरला होती. पाच तारखेला मी ड्यूटीवरून आलो तर कलावती दारातच उभी.

"आत नोका येऊ. पयले ते पाहा," तिनं बाहेरच्या वीजमीटरच्या पेटीकडे बोट दाखवलं. पेटीमागे एक पाकीट खोचलेलं होतं. रेनाटोच्या आईचं पत्र, आणि त्याचा वरचा कोपरा नव्हता.

आमच्याकडे कोणी गेल्याची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. तसलं कार्ड घरात आणत नाहीत, उंबऱ्याबाहेरच वाचून फाडून टाकतात. कलावतीनं पत्र घरात घेतलं नव्हतं, ते बरोबरच होतं. तिकीटसुद्धा त्या कोपऱ्याबरोबर गेलेलं मला दिसत होतं. पण मीही तिकिटाचा विचार केला नाही, फाटक्या कोपऱ्याचाच केला.

"सांगून टाका त्याले," कलावती रडायला लागली. "त्याचं माणूस गेलं हाय."

"परीक्षा होऊ दे. आता सांगितलं तर तो पेपर देनार नाई. वर्ष वाया जाईन त्याचं. अन् इथून जाऊन का मातीले पोचनार हाय का तो?"

"उघडून तं पाहा, कोन गेलं ते."

"दुसऱ्याचं पत्र उघडू? मी का सरकार आहो?"

हे वाक्य मला फार आवडलं होतं. माझे वडील वारले तेव्हा काकांनी मला मॅट्रिकचा शेवटचा पेपर झाल्यावरच सांगितलं होतं, आणि त्यांनी योग्य केलं असं मी आयुष्यभर मानत आलो. पत्र पेटीमागेच राहिलं.

चौदा दिवस रेनाटो रोज त्या पेटीजवळून आत आला आणि जेवून गेला. सुतक असलेल्याला तळलेलं कसं वाढायचं, म्हणून कलावतीनं कढई चढवलीच नाही. "वहिनी, पापड?" तो विचारायचा. "संपले," म्हणून ती चुलीकडे तोंड फिरवायची.

एकोणीसला तो हसत आला. पेपर छान गेला होता. मी त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, खांद्यावर हात ठेवला आणि पत्र हातात दिलं. त्यानं ते वाचलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"हे कधी आलं?"

"पाच तारखेला. परीक्षेसाठी थांबलो."

कोणी मेलं नव्हतं. आईनं मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की सरकारनं माफी जाहीर केली आहे आणि दानी हजर झाला तर त्याला सोडतील असं बिशपांनी सांगितलं आहे. पंधरा नोव्हेंबरला ते स्वतः त्याला घेऊन जाणार आहेत. दानी म्हणतो, दादाला विचारा. तुझी नको म्हणून तार आली तर तो जाणार नाही. तार आली नाही तर तुझी हरकत नाही असं आम्ही धरू.

"माझे दोन मित्र असेच माफी घ्यायला गेले," रेनाटो म्हणाला. "परत आले नाहीत. मी नको म्हटलं असतं." माझी सायकल घेऊन तो तारघराकडे गेला. तो कोपरा कुठल्या देशात, कोणी तिकिटाच्या हौसेनं कापला, कोण जाणे.

कलावतीला एवढंच कळलं की कोणी मेलेलं नाही. दानी सरकारपुढे हजर झाला, फार तर तुरुंगात असेल. त्या दिवशी ताट भरून पापड तळून तिनं रेनाटोची वाट पाहिली.

दहा दिवसांनी उत्तराची तार आली तेव्हा ती बाजारात गेली होती. मी ती तार हॉस्टेलवर नेऊन दिली. नदीत दानीचं प्रेत सापडलं होतं. रेनाटो माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "आमच्याकडे सगळ्यांची पत्रं उघडतात, म्हणून मी चिडायचो. एवढं एकच तुम्ही उघडायला हवं होतं."

त्या माणसाला मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "कलावतीला सांगू नको. तिला सहन होणार नाही." तिच्या जिवासाठी म्हणालो असं मी स्वतःला सांगतो. खरं तर ती मला सांगत होती आणि मी ऐकलं नाही, हे तिच्या डोळ्यांत मला पाहायचं नव्हतं. त्या संध्याकाळी तो जेवायला आला. "दानी कैदेत हाय, वहिनी," त्यानं शांतपणे सांगितलं आणि तिनं वाढलेले दोन्ही पापड खाल्ले. पुढच्या आठवड्यात तो गेला. परीक्षेत पहिला आला होता. त्याचं प्रमाणपत्र मीच टाइप केलं. त्यानं परत कधी पत्र लिहिलं नाही.

दानी सुटावा म्हणून कलावतीनं गुरुवार धरले. दहा वर्षं.

यंदा फेब्रुवारीत रेडिओवर बातमी लागली. फिलिपीन्समध्ये माणसं जपमाळा घेऊन रणगाड्यांपुढे उभी राहिली आणि राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाला.

"अवो, आइकलं का?" कलावती धावत आली. "आता तं जेलं उघडले असतीन ना? आपला दानी सुटला असन ना?"

सांगायची हीच वेळ होती. दहा वर्षांत एवढी चांगली वेळ मला मिळाली नव्हती. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, "सुटला असन."

तिनं त्याच गुरुवारी उद्यापन केलं. शेजारच्या पाच जणींना जेवायला बोलावलं, तुपातला शिरा केला, देवापुढे ठेवला आणि पहिली वाटी माझ्यापुढे केली.

"घ्या. तुमच्याही जिवाले घोर होता इतके वर्षं. पयला घास तुमीच घ्या."

मी घेतला.

"साखर कमी झाली का?"

"नाई," मी म्हणालो, "बराबर हाय."