बद्द तारा
त्याचा मेहुणा हॉस्पिटलातून बातमी घेऊन आला तेव्हा तो पन्नास वर्षं जुन्या गाडीखाली उताणा पडून, चाक बसतं त्या हबला ग्रीस लावत होता. फोन तीनदा वाजून गेला होता. त्याला ऐकू आला नव्हता. पत्रा ठोकायच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढल्यावर बारीक आवाज कानात शिरतच नाहीत. माणसाचं बोलणं तेवढं कळतं.

"दाजी, ताई गेली," मेहुणा म्हणाला. रडला, नाक पुसलं. मग भिंतीला टेकवलेल्या चार चाकांकडे बघून म्हणाला, "ही खरी जुनी, का जुन्यासारखी केलेली?"

"जुन्यासारखी. त्यातही सेकंडहँड."

अशा वेळी असला प्रश्न सुचायला अध्यक्षच असावं लागतं. मेहुणा जुन्या गाड्यांच्या मंडळाचा अध्यक्ष होता. मंडळात अकरा माणसं, सात गाड्या, त्यातल्या चालणाऱ्या तीन. अध्यक्षांची चौथी, ढकलली तर. स्वतःचे केस काळ्यासारखे केलेले, आणि हा दुसऱ्याच्या चाकांचं वय काढणार.

चाकं बायकोने पसंत केली होती. प्रत्येकाला सायकलच्या चाकासारख्या बहात्तर तारा. गाडीवर चढवण्याआधी एकेक तार वाजवून बघावी लागते. घट्ट असली तर टणकन बोलते, ढिली असली तर बद्द वाजते. पार ढिली हाताला कळते, थोडी ढिली कानालाच. म्हणून ऐकायचं काम तिचं, कसायचं त्याचं. स्टुलावर बसून ती चमच्याने तारा वाजवायची आणि बद्द तारेवर खडूची रेघ ओढायची. "ही बहिरी. तुमच्या नात्यातली," म्हणायची. चारही चाकं ऐकून झाली की एकदम कसायची, असं ठरलं होतं. तीन झाली आणि तिला दाखल करावं लागलं. याच चाकांवर तिला घरी आणायचं त्याच्या मनात होतं. म्हणून तो गाडीखाली राहिला, आणि शेवटी तिच्या उशाशी अध्यक्ष.

पंधरा दिवसांनी तो मृत्यूचा दाखला आणायला कचेरीत गेला. अर्धा दिवस तिथेच मोडला. परत येतो तर गॅरेजच्या दारात मेहुणा बाह्या सरसावून उभा, पायाशी साबणाची बादली.

"बघा दाजी. ओळखू येतात का?"

चाकं लखलखत होती.

"तारांवर पांढऱ्या रेघा होत्या."

"ती घाण? ब्रशने गेली. दोन-चार हट्टी होत्या, त्या नखाने काढल्या."

हा माणूस बिघडवायचं कामसुद्धा मन लावून करतो.

"ताईने केलेल्या खुणा होत्या त्या. ढिल्या तारांच्या."

मेहुण्याचा चेहरा पडला. पण अध्यक्षांचा चेहरा फार वेळ पडून राहत नाही. त्याने चमचा उचलला, एका चाकाभोवती टिंगटिंग करत फिरला आणि निकाल दिला, "सगळ्या ठणठणीत आहेत. रविवारी मंडळाची फेरी आहे. चढवू या चाकं. ताईलाही बरं वाटलं असतं."

"या चाकात ताईला नऊ सापडल्या होत्या."

"मग असतील की नऊ."

"कुठल्या?"

मेहुणा चाक न्याहाळत राहिला. नऊ तारा आपणहून हात वर करतील अशी त्याला आशा असावी.

"वळणावर चाक मोडलं तर? तू असणार आहेस का गाडीत?"

"मी पुढे झेंडा घेऊन चालणार आहे."

त्याने मेहुण्याच्या हातातून चमचा काढून घेतला. एक तार वाजवली. दुसरी वाजवली. चमचा हलताना दिसला, एवढंच. त्याने डोकं चाकाला टेकवून तिसरी वाजवली. मेहुणा बाजूला अगदी गंभीर चेहरा करून उभा होता. याचे कान धडधाकट, आणि कामाचे शून्य. सख्खा भाऊ तिचा.

"काही ऐकू आलं, दाजी?"

"नाही. जा तू घरी."

"मग रविवारचं काय?"

"झेंडा घेऊन चाल. गाडी मागे आहे का नाही, तुला काय फरक पडतो?"

मेहुणा गेला. बादली तिथेच टाकून गेला.

गाडी अजून लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. हबला ग्रीस लावून झालंय. चाकं चढवायची राहिलीत, आणि त्याआधी दोनशे अठ्ठ्याऐंशी तारा ऐकायच्या राहिल्यात.