साडूच्या रानातलं रॉकेट

भावाभावांत जुंपली तर सोडवायला चार माणसं धावतात; साडूसाडूंत जुंपली की तीच चार माणसं बसायला जागा शोधतात. सिद्धलिंग आणि त्याचा थोरला साडू शरणबसव यांचं लग्नाच्या पंगतीपासूनच बिनसलं होतं.

सिद्धलिंगचं शहरात सात रस्त्याच्या चौकात चष्म्याचं दुकान. रिकाम्या वेळात तो रॉकेटं बनवायचा. साधी उडवून झाली होती, आता दोन टप्प्यांचं केलं होतं: खालचा टप्पा जळून गळून पडायचा आणि वरच्याने हवेतच पेट घेऊन आणखी उंच जायचं. शहरात असली वस्तू उडवू कोण देणार? वळसंगला शरणबसवचं मोकळं रान होतं, आणि सिद्धलिंगची बायको महेश्वरी हिने आपल्या बहिणीच्या मिनतवाऱ्या करून ते नवऱ्याला मिळवून दिलं होतं.

"दुसरं पेटलं न्हाय तर परत माज्या रानात पाय ठिवायचा न्हाय," शरणबसवने बजावलं होतं. वर फजिती बघायला अख्खी भावकी बांधावर आणून बसवली होती. माणूस किती खवट असावा!

ज्वारीची काढणी उरकली होती. रानाच्या कडेला कडब्याची गंज होती, शरणबसवच्या जनावरांची वर्षाची वैरण. भावकीचा चहा होईतो वारा सुटला, तोही गंजीकडून. वारा जिकडून येतो तिकडेच रॉकेट झुकतं, हे सिद्धलिंगला ठाऊक होतं.

"अण्णा, वारा पडू दे, थोडं थांबू."

"आलं का रडगाणं? उडवतोस का आमी उटू?"

भावकी खदखदून हसली. सिद्धलिंगच्या मस्तकात तिडीक गेली.

वरच्या टप्प्यात त्याने कल मोजणारं एक यंत्र बसवलं होतं. रॉकेट फार कललं तर ते वरचं इंजिन पेटूच देत नसे. बाहेर त्याचं बटण होतं. ते बंद केलं की रॉकेट कसंही कलो, दुसरा टप्पा पेटणार म्हणजे पेटणार. रान हातचं जाणार नाही. गंजीत घुसलं तर घुसू दे, जळू दे मेल्याची वैरण! खोटं कशाला सांगा, तो विचार त्याला फार गोड लागला. बोट बटणावर गेलंही. पण बैलांनी त्याचं काय घोडं मारलं होतं? त्याने बोट काढून घेतलं.

रॉकेट सुटलं आणि थेट गंजीच्या दिशेने कललं. खालचा टप्पा गळाला. वरचा गप्पच राहिला, छत्री उघडून ढेकळांत येऊन पडला.

"फुसका बार!" शरणबसवने मांडीवर थाप मारली.

"अण्णा, कललं तर पेटू नये, अशी सोय मीच केलीय. पेटलं असतं तर तुमची गंज…"

"हरल्यावर तोंड लई चालतंय की तुजं. उचल तुजी नळकांडी. परत हिकडं दिसलास तर तंगडी मोडीन."

भावकीतल्या एकानेही त्या गंजीकडे वळून पाहिलं नाही.

परतताना गाडीवर महेश्वरीने विचारलं, "खरंच तशी सोय होती?"

"होती."

"आणि बंद करता येत होती?"

"व्हय."

गंज तिच्या सख्ख्या बहिणीची होती.

"मग का न्हाय केलीत?" महेश्वरी म्हणाली.