दाजींचे बूट

"दारू घेतात का हे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"छे हो! नावसुद्धा काढायचं नाही आमच्याकडे," मास्तरांची बहीण ठसक्यात म्हणाली. "रोज संध्याकाळी माझ्या दादाच्या दुकानात गप्पा मारत बसतात, तेवढंच काय ते व्यसन. विचारा की, हा काय उभाय!"

डॉक्टरबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. खाटेवरचे दाजी मात्र छताकडे बघत राहिले.

बाजारात त्यांना बूटमास्तर म्हणत. पस्तीस वर्षं बूट शिवण्यात गेलेली, त्यामुळे माणूस दारात आला की आधी त्याचे पाय बघणार, मग तोंड. दाजी तिकीट तपासनीस. सहाला ड्युटी संपली की थेट दुकानात. मग शटर अर्धं खाली यायचं आणि बूट चिकटवायच्या सोल्युशनच्या डब्यांमागची बाटली बाहेर निघायची. वासाचं बिल सोल्युशनवर फाडलं की घरी काम भागायचं. बहिणीला एकदा शंका आली होती. "दादा, खरं सांग, घेतात का रे?" मास्तरांनी पापणी न हलवता सांगितलं, "वेडी का खुळी तू!" भावाचा शब्द म्हटल्यावर तिनं पुन्हा विचारलं नाही.

गेल्या वर्षी दाजी म्हणाले, "मास्तर, बूट चावतोय." मास्तरांनी तो लाकडी साच्यावर चढवून ढिला करून दिला. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तर नाडीची टोकं एकमेकांना भेटेनात. माप घेताना मास्तरांनी पायावर अंगठा दाबला, तर खड्डा पडला आणि भरूनच येईना. असे पाय त्यांनी गिऱ्हाइकांचे पाहिले होते. त्यातली दोघं दुरुस्तीला टाकलेले बूट न्यायला आलीच नव्हती.

'दाजी, डॉक्टरला दाखवा' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण डॉक्टर पहिल्यांदा काय बंद करायला सांगणार, हे न कळायला मास्तर काही दूधखुळे नव्हते. बायको गेल्यापासून दिवसाचे तेवढे दोनच तास त्यांच्याशी कुणी बोलायचं. ते म्हणाले, "दिवसभर उभं राहून सुजणारच की! वाढत्या अंगाचे दिसताय, दाजी!" आणि दोघंही खो खो हसले. ते हसणं आता मास्तरांच्या काळजात सलत होतं.

"हृदय फुगलंय, ताकद निम्म्यावर आलीय," डॉक्टरबाई सांगत होत्या. "दारूनं झालं असेल तर ती सोडून सुधारायची आशा असते. पण रोजची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत झटकेही येतात, त्याची तयारी आधी ठेवावी लागते. जगात कुठंही जा, पुरुषांच्या वॉर्डात हा प्रश्न विचारावाच लागतो. खरं उत्तर मात्र मिळत नाही."

"घेतात," मास्तर म्हणाले. "रोज. अर्धी बाटली. पंधरा वर्षं झाली."

"दादा, काय बोलतोयस तू?"

दाजी धडपडून कोपरावर उठले. "त्यांचा... काही दोष नाही. मी बाहेर घ्यायचो." त्यांना धाप लागली. "मास्तर तर मला... कितीदा रागावले."

बहिणीनं भावाच्या हातावर हात ठेवला. तेवढ्यावर सुटता आलं असतं. होता नव्हता तेवढा श्वास दाजींनी आपल्यासाठी खर्च केला, हे पाहून मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहू द्या, दाजी," ते म्हणाले. "बाटली मी आणायचो गं. पाय सुजलेले मी वर्षभर बघत होतो. बोललो असतो तर यांचं येणं बंद झालं असतं. म्हणून नाही बोललो."

तिनं हात काढून घेतला. रडली नाही, ओरडलीही नाही. डॉक्टरबाईंना म्हणाली, "लिहून घ्या. पंधरा वर्षं, रोज अर्धी बाटली. आता पुढं काय करायचं ते सांगा."

डॉक्टरबाई लिहून निघून गेल्या. थोड्या वेळानं नर्स आली. "पेशंटजवळ एकालाच थांबता येईल. कोण थांबणार?"

"मी. बायको आहे त्यांची."

"आणि हे कोण तुमचे?"

बहीण बराच वेळ चादरीची सुरकुती काढत राहिली.

"माझे कोणी नाहीत," ती म्हणाली. "ह्यांचे दोस्त आहेत."

मास्तरांनी मान हलवली आणि ते बाहेर गेले.