सगळ्यात वरची पातळी

ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणायचे, कारण मालक तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. कॉम्प्युटरची अक्षरओळख त्याला तिनेच करून दिली होती. आता मात्र ती त्याच्या हाताखाली काम करत होती.

त्यांच्याकडे परीक्षेच्या निकालाची वेबसाइट होती. मागेल त्याच्यासाठी सर्व्हर प्रत्येक पान नव्याने तयार करायचा. पानं इतकी जड, की साध्या फोनवर उघडता उघडत नसत. तीन आठवडे डोकं लढवून ताईने तोडगा काढला. पान बाहेर पडण्याआधी सर्व्हरनेच ते दाबून लहान करायचं आणि समोरच्या ब्राउझरने उलगडायचं. पान एक दशांशावर आलं.

"पण दाबायलाही सर्व्हरला मेहनत पडते," तिने भावाला बजावलं. "दाबायची पातळी मधलीच ठेव. गर्दीत वरची झेपायची नाही."

"हो गं, किती वेळा सांगशील!"

निकालाच्या दिवशी सकाळी अकराला सर्व्हरने मान टाकली. लाखभर मुलं पांढऱ्या पडद्याकडे बघत बसली. परीक्षा मंडळाच्या साहेबांचा फोन आला. भावाने तो सगळ्यांसमोर स्पीकरवर घेतला.

तोवर ताईला सर्व्हरवरच्या बदलांची नोंद सापडली होती. साहेबांना पानाचा आकार आणखी लहान करून दाखवायला भावाने सकाळी सव्वानऊला स्वतःच पातळी सगळ्यात वर नेली होती. तिने फक्त पडदा त्याच्याकडे वळवला.

त्याने नोंद वाचली. मग वाकून, तिच्याच कीबोर्डवर, ती ओळ पुसून टाकली.

"साहेब, चूक माझ्या बहिणीची आहे," तो फोनमध्ये म्हणाला. "वय झालंय, नवीन गोष्टी झेपत नाहीत. आजच काढतोय तिला."

कुणी मान वर केली नाही. ताईची बोटं चालतच राहिली. तिने पातळी खाली आणली आणि चार मिनिटांत निकाल धडाधड उघडू लागले.

"झालं?" भावाने विचारलं. "मग ऑफिसचं कार्ड ठेव इथं."

ती घरी पोचण्याआधीच त्याचा फोन आईला येऊन गेला होता.

"चारचौघांत त्याला खाली बघायला लावलंस ना?" आई दारातच म्हणाली.

"आई, चूक त्याने केली."

"मग? तुझं काय गेलं असतं पदरात घ्यायला? त्याला पोरंबाळं आहेत, तुला कोण आहे? माफी माग आधी."

ताईने चप्पलही न काढता भावाला 'चुकलं माझं' एवढंच लिहून पाठवलं.

उत्तर लगेच आलं. 'ठीक आहे. सोमवारी तुझ्या जागी नवीन बाई येतेय. दोन दिवस येऊन तिला सगळं शिकवून जा.'

सोमवारी ताई गेली. बसायला खुर्ची नव्हती, म्हणून तिने उभ्यानेच शिकवलं.